चार ओळींचं पाणी

मंगळवारी सकाळी जनकाबाई डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन बागेच्या धुऱ्यावर आली आणि जागच्या जागी थबकली. तिची तांबडी गाय, जी तिनं तासाभरापूर्वी गोठ्यात स्वतःच्या हातानं बांधली होती, ती बागेच्या ऐन मधोमध खुंट्याला बांधलेली उभी. भोवती चाळीसेक माणसं मांडी घालून बसलेली. आणि गाईला काय, ती संत्र्याच्या कोवळ्या बुंध्याला खुशाल मान घासत होती. साल सोलवटून निघत होती.

"अहो! कोणं बांधली इथं गाय? झाड सोलून राह्यली नं थे!"

उकंडराव, तिचा नवरा, धुतलेलं धोतर नेसून पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं मान न वळवता नुसता पंजा खालीवर केला. गप, गप. जणू कीर्तनात लेकरू रडायला लागलं होतं.

सगळ्यांसमोर उभ्या माणसानं मात्र हसून हात जोडले. हे भालचंद्र पुराणिक, पंचायत समितीचे नवे शेती अधिकारी. सहा महिन्यांपूर्वी कोकणातून बदलून आलेले. वय सव्वीस-सत्तावीस, अंगात खाकी बुशकोट, हातात वेताची छडी, आणि मागे दोन झाडांमध्ये ताणून बांधलेलं एक रंगीत कापडी चित्र. चित्रात वर झाड, झाडाखाली हिरवं पीक, पिकाशेजारी गाय, गाईमागं शेणाचा ढीग, आणि शेणापासून परत झाडाकडं जाणारा लाल बाण.

"असू द्या बाई, असू द्या. हेच तर दाखवायचंय. झाड, पीक आणि जनावर, तिन्ही एका जागी."

"सालटं काढेल झाड दाखवाचं हाय का?"

माणसं हसली. पुराणिकांनी छडीनं चित्रावरच्या गाईला टोचलं आणि पुढं सुरू केलं. जनकाबाईनं पाटी आदळली, सरळ मधून चालत गेली, गाईचा दोर दोन हात आखूड केला आणि आली तशी परत फिरली. शेवटच्या रांगेत पिंपळगाव राजाहून आलेला एक म्हातारा शेतकरी बसला होता, किसनराव. त्यानं बसल्या जागी मुठीत माती घेतली होती, ती चुरून बघत होता. मग त्यानं वर झाडाकडं बघितलं. पानं मलूल, कडा वळलेल्या, खाली पिवळा पाला पडलेला.

"ताण देल्ला व्हय बाई?" त्यानं हळूच विचारलं.

"हाव बाबा. महिना होत आला."

"मंग हे गवत कायले पेरलं मंदात?"

जनकाबाईनं कपाळावर हात मारला. "त्यायले इचारा!" म्हणाली आणि घराकडं निघाली. चाळीस माणसांचा स्वयंपाक पडला होता.

त्याचं असं होतं. बाग बारा ओळींची. ओळीत दहा झाडं. सोनाळ्याहून कलमं आणली त्याला सहा वर्षं झाली होती. पहिले दोन उन्हाळे विहिरीनं दगा दिला तेव्हा जनकाबाईनं नदीतल्या डोहावरून घागरी वाहिल्या होत्या. एकावर एक दोन घागरी, दिवसाला किती खेपा, तिनं कधी मोजल्या नाहीत. मानेवर गाठ आली ती आजही हाताला लागते. आणि यंदा पहिल्यांदा आंबियाचा बहार धरायचा होता. तो धरायचा म्हणजे हिवाळ्यात झाड दीड महिना उपाशी ठेवायचं. पाणी तोडायचं म्हणजे तोडायचं, एक थेंब नाही. झाड कासावीस होतं, अर्धा पाला टाकतं. मग संक्रांतीला खणून, खत घालून पाणी सोडलं की ते अंगभर फुलतं. मध्येच कुणी दयामाया करून पाणी पाजलं, की झालं! झाड पाल्यावर जातं, आणि फूल बघायला पुढचं साल. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

उकंडरावला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्याच्या डोक्यात शेतकऱ्यांचं हे तीन दिवसांचं शिबिर घुसलं होतं.

शिबिराच्या आधी समितीचं टपाल आलं. पाकिटावर शाईनं लिहिलेलं, 'श्री. उकंडराव ढगे'. त्यानं ते टपाल आठ दिवस बंडीच्या खिशात घालून फिरवलं. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, टाकून सुपात उचलून आणला होता. नाव पडलं ते पडलंच. सारं गाव त्याला जन्मभर उकंड्या म्हणत आलं. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नुसतं उकंडा होतं. आणि आता सरकार त्याला उकंडराव म्हणत होतं! साहेब घरी आले, ओसरीवर बसले, म्हणाले, "उकंडराव, शिबिर तुमच्या बागेत घेऊ." हा भला माणूस म्हणाला, "घ्या." साहेब म्हणाले, "मधल्या पट्ट्यात चाऱ्याला विलायती घास पेरू." हा म्हणाला, "पेरा." जेवणाचं कोण बघणार, तर तेही यानंच अंगावर घेतलं. बायकोला सांगितलं ते सगळं ठरल्यावर.

जनकाबाईची जाऊ वच्छलाबाई शेजारच्याच घरात राहायची. तिचा नवरा कडूबा हा उकंडरावचा चुलतभाऊ. ती भाकरी थापायला आली आणि परातीला हात लावायच्या आत बोलायला लागली.

"बाई, तुह्या घरी तं लगनघाई दिसून राह्यली. नवरदेव कोन्ता?"

"गाय!" जनकाबाई चुलीत फुंकर घालत म्हणाली. "गाईले बाशिंग बांधाचं तेवढं राह्यलं."

त्या दिवशी दोघींनी दीडशेच्या वर भाकरी थापल्या. मनगटं भरून आली, तव्याच्या धगीनं डोळे चुरचुरायला लागले. जेवताना एका माणसानं पिठल्यात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. उकंडरावनं आतल्या बाजूला बघून डोळे वटारले. जनकाबाईनं मिठाचं गाडगंच नेऊन त्या माणसाच्या ताटापुढं ठेवलं.

दिवस कलला, माणसं शाळेत मुक्कामाला गेली, तेव्हा तिनं नवऱ्याला गाठलं. तो ओसरीवर पाय पसरून, फेटा उतरवून बसला होता.

"त्या गवताले पानी देत असान तुमी, तं सांगून द्या आताच."

"वाफ्यापुरतंच देईन. वाफा केवढा हाय?"

"वाफ्यापुरतं? अन् झाडाची मुळी काय वाफ्याची हद्द पाहून परत फिरते व्हय? सा वर्साचं झाड हाय, दोन्ही ओळीच्या मुळ्या तिथं येऊन बसल्या हायेत."

"साहेब शिकेल माणूस हाय बुवा. पुण्याले शिकला."

"पुण्याले संत्री पिकत नाहीत!"

"अवं, हळू. आवाज बाहेर जाऊन राह्यला."

"जाऊ द्या! साऱ्या गावाले कळू द्या, उकंडरावच्या घरी अक्कल वाटून राह्यले म्हनून!"

तो उठून गोठ्यात निघून गेला. ही त्याची जुनी खोड. भांडणात त्याला गाय आठवायची.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांनाच धरलं. ते वाफ्यात उकिडवे बसून घासाचे कोंब बघत होते. घागरभर शिंपणावर बोटभर वर आलेले कोंब उन्हानं माना टाकत होते आणि साहेबांचा चेहराही तसाच झाला होता.

"साहेब, एक इचारू का? तुमच्या कोकनात नारयाले ताण देतेत का?"

"ताण? नाही बाई. नारळाला बारा महिने पाणी. खाली घास, सावलीत गाय, सगळं एकाच पाण्यात होतं. मी स्वतः केलंय ते, तीन वर्षं."

"मंग तेच म्हंते मी. हे नारय नाही. हे झाड उपाशी ठेवल्याबिगर फुलत नाही. तुमचं गवत अन् माहं झाड, दोघायचं एका पान्यात जमत नाही, आता तं नाहीच नाही. संक्रांतीनंतर पेरा नं. नाहीतं तिकडं विहिरीच्या अंगाले पेरा, मी सोता पानी देते."

पुराणिकांनी ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. वहीसुद्धा काढली, 'ताण' असं लिहून खाली रेघ मारली. पण मग मानेवरचा घाम पुसत म्हणाले, "बाई, तुमचं खरं असेल. पण उद्या सभापती येतायत, जिल्ह्याचे मोठे साहेब येतायत. जीपनं. त्यांना मी काय दाखवू? वाळलेला वाफा आणि पिवळी झाडं? तेवढं एक पाणी होऊ द्या. एका पाण्यानं काय होतंय?"

एका पाण्यानं काय होतंय! जनकाबाईचं डोकंच उठलं. सहा वर्षं राबायचं, आणि एका पाण्यानं काय होतंय!

ती तिथून निघाली. विहिरीवर गेली, मोटेचा नाडा सोडला. मनगटाएवढा जाड दोर तो, ओला, चिखलानं माखलेला. खांद्यावर गुंडाळला आणि अख्ख्या शिबिरासमोरून घरी घेऊन आली. लुगड्याची पाठ चिखलानं भरली. नाडा नाही तर मोट नाही, मोट नाही तर पाणी नाही. बघू आता कोणाचे साहेब येतात ते. नाडा तिनं धान्याच्या कोठीमागं कोंबला आणि वर दोन पोती लोटली. उकंडराव नेहमीसारखा जेवायला बसला. दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतला. तिला वाटलं, चला, उतरलं भूत.

बाई शहाणी, पण इथं चुकली.

तिसऱ्या दिवशी फटफटीत उजाडलं होतं. ती अंगणात सडा टाकत होती. वच्छलाबाई धुऱ्याकडून लगबगीनं आली आणि तोंडावर पदर घेऊन उभी राहिली.

"बाई, मले बोल लावू नको. पन आमच्या ह्यायनं आमचा नाडा देल्ला भाऊजीले. दिवस निंगायच्या आंधी. मोट चालू हाय."

जनकाबाईच्या हातातली बादली तिथंच पडली. ती धावत सुटली. पन्नाशीला आलेली बाई, पायात वहाण नाही, तुरीच्या कापलेल्या धसकटांवरून धावली. लांबूनच मोटेचं चाक कुरकुरताना ऐकू येत होतं. कडूबा बैल धावेच्या उतारावरून हाकत होता, मोट भदकन पाटात रिकामी होत होती, आणि उकंडराव फावडं घेऊन आळ्यांत पाणी फिरवत होता. नुसत्या वाफ्याला नाही, वाफ्याच्या दोन्ही बाजूंना. पाचवी ओळ, सहावी, सातवी, आठवी. चार ओळींची आळी काठोकाठ भरली होती. महिनाभर तापलेली काळी जमीन ते पाणी घटाघटा पीत होती, बुडबुडे काढत होती. आणि पाट आता नवव्या ओळीकडं वळवलेला.

"बंद करा!"

"अवं, झालंच हाय. त्या ओळी वाफ्याच्या अंगाले हायेत, साहेब लोक तिथंच उभे राह्यतीन. तेवढ्या हिरव्या दिसल्या..."

ती पाटातच बसली. आडवी. पाणी तिच्या कमरेला आपटलं, दोन्ही बाजूंनी फुटून वर चढलं, थंडीचं ते पाणी, दात वाजायला लागले. तिनं दोन्ही हातांनी चिखल ओढून पाटाचं तोंड लिंपायला सुरुवात केली. नखांत खडे गेले. उकंडराव फावडं धरून नुसता उभा.

"उठ. लोक पाह्यतीन."

"पाहू द्या! मले फावड्यानं उचलून बाजूले टाका, अन् मंग द्या पानी. हात लावून पाहा!"

तिकडं कडूबानं परिस्थिती ओळखली आणि बैल थांबवले. चाकाचा आवाज बंद पडला.  मग उकंडराव खाली मान घालून म्हणाला, "तुले काय समजते? साऱ्या जिल्ह्यात आपलं नाव होऊन राह्यलं."

"नाव!" तिचा आवाज फाटला. "चाळीस झाडं गेली वो. चाळीस! माह्या मानेवर वाढोली होती मी थे."

जीप दुपारी आली. सभापती आले, जिल्ह्याचे मोठे साहेब आले, हार झाले, नारळ फुटले. पाणी प्यालेल्या झाडांनी पानं थोडी सावरली होती, ओली माती काळीभोर दिसत होती. मोठे साहेब खूश झाले. फोटो निघाला, चित्रासमोर, गाईसकट. उकंडरावच्या गळ्यात झेंडूचा हार घातला गेला आणि सभापतींनी माइक नसतानाही माइकपुढं बोलावं तसं म्हटलं, "आता आमच्या प्रगतिशील शेतकऱ्याच्या मालकीणबाई दोन शब्द सांगतील."

जनकाबाई मागं उभी होती. लुगडं वाळून कडक झालेलं, कोपरापर्यंत चिखल. तिला काही म्हणायचं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. पण सगळ्यांनी वळून बघितलं.

"सायेब," ती म्हणाली, "ह्या बारा ओळी हायेत. आठ ओळी ताणावर हायेत, त्या फुलतीन. मंधातल्या चारीले आज सकाळी पानी देल्लं तुमच्यासाठी. त्या नाही फुलत. आता तुमी पाहून घेतल्या, बरं झालं."

कोणीतरी फिसकन हसलं. सभापतींनी घसा साफ केला, "बायामानसायले कायजी असतेच," म्हणाले, आणि आभार मानायला घेतले. पुराणिकांची मान खाली गेली ती जीप सुटेपर्यंत वर आली नाही. माणसं पांगताना गावातले दोघं बोलत गेले ते जनकाबाईनं स्पष्ट ऐकलं, "उकंड्याच्या बायकोनं उकंड्याची पार अब्रू काढली बे!"

उकंड्या. तीन दिवसांत परत उकंड्या झाला होता. नवरा झाडाखाली एकटा बसून गळ्यातला हार काढत होता, दोरा बंडीच्या गुंडीत अडकला होता, निघत नव्हता. तिला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. असलं कसलं नाव हवं होतं याला? आणि नाव गेलं तर गेलं माझ्यामुळं, झाडं गेली ती कोणामुळं?

त्यानंतर उकंडरावनं तिच्याशी बोलणं टाकलं. जेवायचं असलं की गाईला सांगायचा, "चाल माय, दोघायलेबी भूक लागली." तिनंही मग गाईलाच निरोप द्यायला सुरुवात केली. वच्छलाबाई म्हणाली, या घरात आता गायच काय ती शहाणी. संक्रांत झाली. दोघांनी न बोलता आठ ओळींची आळी खणली, मुळ्या उघड्या केल्या, खत घातलं. त्यानं मोट हाकली, तिनं पाणी फिरवलं. मधल्या चार ओळींकडं दोघंही बघत नव्हते. विहिरीच्या अंगाला तिनं मात्र साहेबांच्या उरलेल्या बियाण्याचा एक वाफा टाकला. शब्द दिला होता म्हणून. घास गुडघ्याएवढा झाला आणि तांबडी संध्याकाळी शेरभर दूध जास्त द्यायला लागली, हेही खरंच, खोटं कशाला बोला.

माघात बाग फुलली. आठ ओळी पांढऱ्याफेक, पान दिसू नये अशा, मधमाश्यांचा आवाज धुऱ्यापर्यंत. आणि मध्ये चार ओळी हिरव्यागार. लुसलुशीत पोपटी नवती, दृष्ट लागावी अशी, आणि त्यात औषधाला एक फूल नाही. जनकाबाईनं महिनाभर मनात बोलणी रचून ठेवली होती. असं सुनावीन, तसं सुनावीन. पण नवरा त्या ओळींत उभा राहून एकेक फांदी खाली वाकवून बघताना दिसला, आणि ती धुऱ्यावरच थांबली. तो फूल शोधत होता. चाळीसच्या चाळीस झाडं शोधली त्यानं.

चार दिवसांनी किसनराव आला. म्हाताऱ्यानं पिंपळगाव राजाचे दहा-बारा शेतकरी बरोबर आणले होते, सोनाळ्यापर्यंत एस.टी., पुढं पायी. "ताण देल्लेली अन् न देल्लेली, दोनी एकाच बागेत पाहाले भेटते म्हनून आणलं यायले," म्हणाला. मागून सायकल हातात धरून पुराणिक साहेब आले. छडी नव्हती, चित्र नव्हतं. जनकाबाईला वाटलं, आता आपला नवरा गाईचं निमित्त काढून गोठ्यात पळतो.

उकंडराव पळाला नाही. विहिरीवरून आला, ओले हात धोतराला पुसले आणि माणसांना घेऊन सरळ मधल्या चार ओळींत गेला. ती मागून गेली. तो पाचव्या ओळीतल्या पहिल्या झाडापाशी थांबला, पोपटी फांदी हातात धरली. बोलायला लागला ते आधी कुणाला कळलंच नाही, इतका हळू.

"ह्या चार ओळी म्या खराब केल्या. मले समजत होतं. तरी म्या पानी देल्लं, हिरवं दिसलं पायजे म्हनून. त्या आठ ओळी हिनं वाचोल्या. पाटात बसली ही. म्या हिले उठ म्हनलं, ही उठली नाही म्हनून त्या फुलल्या."

कोणी हसलं नाही. किसनरावनं फांदी हातात घेतली, खालून वर पाहिली, दुसऱ्याकडं दिली. फांदी या हातातून त्या हातात फिरत राहिली.

 दोन महिन्यांत नवऱ्यानं जनकाबाईकडं बघून पहिल्यांदा बोलणं काढलं होतं, आणि तेही असलं, आणि तेही पुटपुटत! धड सांगायचं तर सांगावं ना माणसानं. ती पदर खोचून पुढं आली.

"जरा मोठ्यानं बोला नं वो! मांगं साहेब उभे हायेत, त्यायले एक शब्द आयकू नाही गेला."

उकंडरावनं घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरू केलं.